मोटारीचा अडकलेला आस : बळापेक्षा धीर श्रेष्ठ



मी कला शाखेचा पदवीधर असून प्रसिद्धीचे काम करतो. यंत्रशास्त्र हा माझा विषय नव्हे. तरीही मोटारीच्या अडकलेल्या आसाविषयी, म्हणजे गॅरेजमध्ये ज्याला ॲक्सल म्हणतात त्याविषयी, आज बोलण्याचे धाडस करीत आहे. कारण या कामी मी स्वतः एकदा चुकलो आहे, आणि ती चूक आपणांपैकी कोणाच्या जिवावर बेतू नये अशी माझी इच्छा आहे.

ॲम्बॅसडर व प्रीमियर पद्मिनी या गाड्यांत इंजिनाची शक्ती मागील चाकांना मिळे. १९८३ साली मारुती ८०० आली आणि पुढील चाकांच्या ओढीने चालणारी मोटार मध्यमवर्गीय कुटुंबांत पोहोचली. तिचे उत्पादन २०१४ साली थांबले. पण आजच्या बहुतेक छोट्या मोटारी याच रचनेच्या आहेत. यांत गिअरपेटीतून दोन आस निघून पुढील चाकांच्या हबमध्ये शिरतात. आसाच्या टोकावरील दातेरी खाचा हबमधील खाचांत घट्ट बसतात. आपल्या गोव्याची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांमुळे तेथे गंज धरतो व दोन्ही भाग जणू एकजीव होतात. सांध्यावरील रबरी आवरण फाटून ग्रीस गेले आणि वळणावर ‘कट् कट्’ आवाज येऊ लागला, की आस काढावा लागतो. अडचण तेथेच सुरू होते.

माझ्या हातून घडले ते असे. नट काढून मी आसाच्या टोकावर लोखंडी हातोड्याचे घाव घातले. आस तसूभर हलला नाही. टोक मात्र फुलले, आटे बिघडले, आणि नुसत्या जॅकवर उभी असलेली गाडी हादऱ्याने घसरली. माझा पुतण्या क्षणापूर्वीच तिच्याखालून बाहेर आला होता. ती आठवण आजही अंगावर काटा आणते.

म्हणून क्रम ध्यानात घ्यावा. गाडी सपाट, कठीण जमिनीवर उभी करून मागील चाकांना अटकाव लावावा. हबच्या नटाची ठोकून बसविलेली कड उचलून, चाक जमिनीवर असतानाच नट सैल करावा. मग गाडी उचलून भक्कम लोखंडी घोड्यांवर ठेवावी. केवळ जॅकवर किंवा विटांवर कधीही नाही. चाक काढून खाचांत गंज सोडविणारे तेल घालावे व ते रात्रभर मुरू द्यावे. खालचा बॉल जॉइंट सोडवून हब बाजूला सरकण्यास जागा करावी. ब्रेकची नळी ताणू नये. नट टोकाच्या पातळीपर्यंत परत फिरवून, म्हणजे आटे सुरक्षित राहतात, लाकडी ठोकळा ठेवून बेताचे ठोके द्यावेत. तेवढ्याने न सुटल्यास हबवर पुलर बसवावा. त्याचा मधला स्क्रू थोडा आवळावा, थांबावे, तेल सोडावे, पुन्हा आवळावे. ज्योतीने तापवू नये. बेअरिंगचे ग्रीस व सील जळतात.

आतील टोक गिअरपेटीत एका लहान कडीने अडकलेले असते. आधी गिअरचे तेल काढून घ्यावे. आस धरून ओढू नये, त्याने आतील सांधाच सुटतो. सांध्याच्या मागे चपटा लिव्हर लावून, सील सांभाळून, तो उचकटावा. आस नसताना त्या चाकावर गाडीचा भार टाकू नये. जोडताना खाचा स्वच्छ कराव्यात, नट नवा घ्यावा, तो गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या मापानेच आवळावा, आणि गिअरचे तेल पुन्हा भरण्यास विसरू नये.

शिक्षक मित्रांना एक विनंती. मुलांना हत्यारे ओळखू द्या, पण गाडीखाली जाण्यापूर्वी घोड्या पाहण्याची सवय आधी लावा. आणि एवढे करूनही आस सुटला नाही, तर जाणत्या कारागिराला बोलावण्यात कमीपणा नाही. आस उद्याही निघेल. गेलेला माणूस परत येत नाही.