दगडावर कोणी लिहिलं, कोणासाठी?

(वसंत व्याख्यानमाला, शहागड)



थडग्यावरचा मजकूर आपण गेलेल्या माणसाची माहिती म्हणून वाचतो. माझं म्हणणं असं, की तो मागे राहिलेल्याचा जबाब असतो. काय लिहायचं आणि काय गाळायचं, हे तोच ठरवतो.

अजिंठ्याचंच घ्या. लेणी नव्हेत, अजिंठा गावातली पारोची कबर. दगडावर इंग्रजीत इतकंच, की ‘माझ्या लाडक्या पारोच्या स्मरणार्थ’, आणि मृत्यूची तारीख, २३ मे १८५६. आडनाव नाही, बापाचं नाव नाही, जात नाही. हे ‘माझ्या’ म्हणणारा कोण? लोक सांगतात, रॉबर्ट गिल. मद्रास फौजेतला हा अधिकारी १८४४ च्या सुमारास लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करायला इथे आला आणि इथलाच झाला. त्याला लग्नाची इंग्रज बायको होती. त्या काळी अशा नात्याची कुजबुज चाले, पण ते दगडावर कोरून घ्यायला छाती लागते.

गिलची बहुतेक मोठी चित्रं लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८६६ च्या आगीत जळाली. तो १८७९ मध्ये वारला, त्याची कबर भुसावळला आहे. पारोवर पुढे कविता झाली, सिनेमा झाला. नाच, प्रेम, विरह सगळं आलं. त्यातलं दगडाने सांगितलेलं किती? एक नाव, एक तारीख आणि एक ‘माझी’. बाकीची भर आपली.

याच्या उलट रोममध्ये. इंग्रज कवी जॉन कीट्स १८२१ मध्ये पंचविसाव्या वर्षी क्षयाने गेला. माझं नाव घालू नका, पाण्यावर नाव लिहिलेला कोणी इथे निजला आहे एवढंच कोरा, ही त्याची इच्छा. मित्रांनी नाव घातलं नाही, पण शत्रूंच्या दुष्टाव्याने कवी कसा कडवटला, ही आपली तक्रार वर जोडून दिली. पुढे त्यातल्या एकाला त्याचा पस्तावाही झाला. कीट्सचं नाव वाचायचं तर शेजारच्या, त्याच्या मित्राच्या थडग्यावर वाचावं लागतं.

कधी एकच दगड दोघांसाठी लिहिलेला असतो. कोकणातल्या बेने इस्रायलांच्या, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यूंच्या, जुन्या दफनभूमीत एकाच दगडावर हिब्रू आणि मराठी दोन्ही सापडतात. हे लोक तेलाचे घाणे चालवत, शनिवारी घाणा बंद, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणे. आडनावं पेणकर, रोहेकर, अष्टमकर. हिब्रू देवाघरची, मराठी शेजाऱ्यापाजाऱ्यांची. १९४८ नंतर यांतले बहुतेक इस्रायलला गेले, पण आडनावातलं गाव सोबत घेऊन.

आणि आपल्याकडे? मराठवाड्यात वेशीजवळ, मारुतीच्या पाराला टेकून वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मरणाचे दगड, उभे असतात. खालच्या चौकटीत लढाई, कुठे पळवून नेलेल्या गाई. मधल्या चौकटीत अप्सरा वीराला वर नेतात. वरती तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला. माथ्यावर चंद्रसूर्य, म्हणजे ते आहेत तोवर कीर्ती राहील. बहुतेकांवर अक्षर एकही नाही. कारण उघड आहे. हा दगड परक्याने वाचावा म्हणून उभाच केला नव्हता. वीर कोणाचा कोण, हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. गावाची आठवण तुटली आणि दगड मुका झाला.

म्हणून एक विनंती. वीरगळ कपडे धुवायला घेऊ नका, ऑइलपेंट फासू नका. लेख असेल तर सकाळच्या तिरप्या उन्हात फोटो काढा. झिजलेलं अक्षर तेव्हाच उठून दिसतं. ते खडूने गिरवू नका, कारण गिरवणारा स्वतःच्या मनातलं अक्षर काढतो. आणि त्या दगडाबद्दल गावातली जुनी माणसं काय सांगतात, ते सांगणाऱ्याच्या नावासकट वहीत उतरवा. तुमच्या गावात असा दगड असेल तर तो कुठे आहे, ते आता प्रश्नोत्तरांत सांगा. मी लिहून घेतो.