अंदाजाला लावलेले गेज



खमरियाच्या आयुध निर्माणीत काडतुसाची तपासणी गेजने होते, हे येथील श्रोत्यांना सांगावयास नको. एका गेजमधून नग गेलाच पाहिजे, दुसऱ्यातून तो जाता कामा नये. नगाचे नेमके माप गेज सांगत नाही. तो मर्यादेत आहे की नाही, एवढेच सांगते. पदार्थविज्ञानातील एका अवघड प्रश्नात शास्त्रज्ञांनी हीच रीत अवलंबिली आहे.

होहेनबर्ग आणि कोन यांनी 1964 साली सिद्ध केले की, इलेक्ट्रॉनांची घनता ठाऊक असली म्हणजे रेणूची किमान ऊर्जा तत्त्वतः निश्चित होते. परंतु तिच्यातील एका भागाचे, विनिमय ऊर्जेचे, केवळ घनतेच्या रूपातील अचूक सूत्र कोणालाही ठाऊक नाही. डिरॅकने 1930 साली एकसमान इलेक्ट्रॉन-वायूवरून एक सूत्र दिले. ते हायड्रोजनला लावून पाहावे. या अणूत इलेक्ट्रॉन एकच; तो स्वतःलाच दूर लोटू शकत नाही. म्हणून गणितात शिरलेले हे खोटे प्रतिकर्षण विनिमय ऊर्जेने पुरते पुसले पाहिजे. त्यासाठी 0.3125 हार्ट्री लागते; परिवलन जमेस धरूनही सूत्र देते 0.268. अशा उणिवांमुळे रेणूंचे बंध गणितात वाजवीपेक्षा बळकट ठरतात.

सुधारणेचे मार्ग दोन. एक, मोजलेल्या आकड्यांशी सूत्र जुळवून घेणे. परंतु ज्या पदार्थांवर ते जुळविले त्यांच्याबाहेर त्याची हमी कोणी द्यावी? दुसरा मार्ग, सूत्र अज्ञात असले तरी त्याने पाळावयाचे जे नियम सिद्ध झाले आहेत ते अंदाजावर बंधनकारक करणे. विनिमय ऊर्जा कधीही धन असू नये. घनता सर्व दिशांनी दुप्पट आकसली तर ही ऊर्जाही दुप्पट व्हावी. प्रत्येक इलेक्ट्रॉनाभोवती विनिमयाने पडणारी पोकळी बरोबर एका इलेक्ट्रॉनाएवढी असावी.

आणखी एक नियम तळाच्या मर्यादेचा. ही ऊर्जा किती खाली जाऊ शकते? लीब यांनी 1979 साली सिद्ध केले की, घनतेच्या चार-तृतीयांश घाताच्या संकलाला एका स्थिरांकाने गुणले की जी संख्या येते, तिच्याखाली ती जात नाही. श्रीधर गद्रे, बार्टोलोटी आणि हँडी यांनी 1980 साली एकाच इलेक्ट्रॉनासाठी या स्थिरांकाचे सर्वोत्तम मूल्य काढले: 1.092. त्यासाठी सोडवावे लागलेले लेन-एम्डेन समीकरण चंद्रशेखरांच्या श्वेत खुज्या ताऱ्यांच्या गणितातलेच! हायड्रोजनचा आकडा 1.085 येतो, म्हणजे ही मर्यादा दूरचे कुंपण नव्हे, अणूच्या अंगालगतची भिंत आहे. सर्व इलेक्ट्रॉन-संख्यांसाठी लीब व ऑक्सफर्ड यांनी 1981 मध्ये 1.68 हा स्थिरांक दिला. 2022 मध्ये तो 1.58 पर्यंत खाली आला.

गद्रे पुढे पुणे विद्यापीठात प्राध्यापक झाले व 1993 साली त्यांना भटनागर पुरस्कार मिळाला. त्यांच्या आकड्याचे काम मात्र तेथे संपले नाही. दोन इलेक्ट्रॉनांच्या घनतेत विनिमय ऊर्जा डिरॅकच्या मूल्याच्या 1.174 पटीहून अधिक असू नये, हा नियम 1.092 वरूनच निघतो. सतरा अचूक नियम पाळणाऱ्या, 2015 साली मांडलेल्या ‘स्कॅन’ या सूत्रात तो गुंफलेला आहे.

गेज काडतूस घडवीत नाही, आणि नियम पाळले म्हणून सूत्र खरे ठरत नाही. परंतु जो पदार्थ अद्याप कोणी मोजलेला नाही, त्याच्याविषयी बोलताना सिद्ध नियमांखेरीज दुसरा आधार तो कोणता?