आई घरी होती म्हणून

(कोपरी, ठाणे पूर्व येथे आईच्या स्मरणसभेत केलेले भाषण)

मैत्रिणींनो, आणि आईच्या चाळीतल्या जुन्या शेजारणींनो,

सभेच्या पत्रकावर ‘प्रेमळ माता व आजी’ असं छापलंय. ते खोटं नाही. पण एवढंच बोलून मी खाली बसले, तर आईवर अन्याय होईल. म्हणून आज थोडा हिशोब मांडते. त्यात माझ्याही नावावर बाकी निघते.

आई लग्न होऊन कोपरीत आली तेव्हा सगळ्या चाळीला एकच नळ होता. एका बाजूला फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबं, दुसऱ्या बाजूला आमच्यासारखी कोकणातली. आईला सिंधी येत नव्हतं, शेजारणीला मराठी. पण रांगेत एकीचा हंडा दुसरी धरायची. वडील पुढे वागळे इस्टेटीतल्या कारखान्यात लागले. त्यांची पाळी बदलली की आईचा दिवस बदलायचा. पहिली पाळी असली की पहाटे पाचला डबा तयार. रात्रपाळी असली की दिवसा आम्हा भावंडांना गप्प ठेवायचं कामही तिचंच. यातून वेळ काढून ती पापड लाटायची. माझी कॉलेजची फी त्या पापडांतून गेली. तरी “वडिलांनी पोरीला शिकवलं” असंच सगळे म्हणायचे. आईसुद्धा!

8 मार्च 1980 रोजी मथुरा बलात्कार खटल्याच्या निकालाचा फेरविचार व्हावा म्हणून बायका रस्त्यावर उतरल्या. मुंबईच्या मोर्चात मी होते. 1983 साली बलात्काराचा कायदा बदलला, हे आपण आजही अभिमानाने सांगतो. पण त्या दिवशी माझी दहा महिन्यांची मुलगी कुठे होती? इथे कोपरीत, आईच्या कडेवर. पुढची कितीतरी वर्षं शिबिरं, बैठका, रात्रीबेरात्री पोलीस चौकीत जाणं, हे सारं मी केलं ते आई घरी होती म्हणून. ‘घरकामाचं मोल’ या विषयावर मी गावोगाव बोलले. तेव्हा माझं घरकाम आई करत होती.

2019 च्या सरकारी वेळ-वापर सर्वेक्षणाचे आकडे मी तिला वाचून दाखवले होते. घरकाम करणाऱ्या बायकांचा दिवसाचा सरासरी वेळ 299 मिनिटं, पुरुषांचा 97. आई म्हणाली, “म्हणजे पाच तासच? मग उरलेला दिवस काय करतात त्या?”

आता जी गोष्ट सांगायला जड जाते ती सांगते. वडील गेले. त्यांच्या कमाईच्या दोन खोल्या होत्या, मृत्युपत्र नव्हतं. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याने विधवा, मुलगे, मुली सगळ्यांना त्यात सारखा वाटा. हे मी शिबिरात फळ्यावर लिहून शिकवत असे. पण भाऊ हक्कसोडपत्र घेऊन आले, तेव्हा ‘भावांशी वाईटपणा कशाला’ म्हणून मी सही केली. आईने मला विचारलं, “तू वाचलंस ना?” मी म्हटलं, “हो.” आत काय लिहिलंय ते मात्र सांगितलं नाही. माझ्या सहीखाली तिने सही केली.

भाऊ वाईट नव्हते. तिला त्यांनी कधी खायला, औषधपाण्याला कमी केलं नाही. पण त्यानंतर आई स्वतःच्याच घरात विचारून राहू लागली. कोणाला जेवायला थांबवायचं तरी आधी सुनेच्या तोंडाकडे बघायची. सांभाळणं वेगळं आणि हक्क वेगळा, हे मी पुस्तकातून शिकले होते. खरं कळलं ते आईकडे बघून.

1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात महाराष्ट्रात वडिलांच्या आधी आईचं नाव लागतं. पणतीचा जन्मदाखला आईने भिंग लावून वाचला. खूश झाली. मग माझ्या मुलीला म्हणाली, “नाव आलं ते बरं झालं. आता सही करायच्या आधी कागद वाचायला शिकव तिला.” मला तिने काही बोल लावला नाही. पण मला जे समजायचं ते समजलं.

म्हणून आज हार-फुलांऐवजी दोन गोष्टी मागते. पुढच्या बैठकीला याल तेव्हा आपलं मूल, आपली चूल आज कोणी सांभाळली, ते प्रत्येकीने सांगायचं. आणि त्या बाईलाही बैठकीला येता यावं म्हणून आळीपाळीने पाळणाघर चालवायचं. दुसरं, आईपुढे, सासूपुढे सहीचा कागद आला तर तो मोठ्याने वाचून दाखवायचा, सही न करण्याचा अधिकार तिला आहे हेही सांगायचं.

मी ते केलं नाही. तुम्ही करा.