मौनाची मोजदाद

श्रोतेहो, उत्तर कन्नड जिल्ह्यातला जोयडा तालुका म्हणजे काळी नदीचे खोरे, दाट रान आणि दूरदूर विखुरलेली घरे. अशा एखाद्या घरी आरोग्य-पाहणीसाठी बाई येते, असे समजा. पाणी, चूल, मुलांच्या लसी ह्यांविषयी विचारून झाले, की तिला घरातल्या एका स्त्रीला एक अवघड प्रश्न विचारावयाचा असतो : 'तुमची इच्छा नसताना पतीने कधी बळजबरी केली काय?' परंतु ओसरीवर सासू बसलेली आहे आणि आतल्या खोलीला दार नाही!

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची पाचवी फेरी २०१९ ते २०२१ ह्या काळात झाली. तिचा नियम असा होता, की एकांत मिळाला नाही तर हे प्रश्न विचारावयाचेच नाहीत. हजेरीपटावरचा 'गैरहजर' आणि उत्तरपत्रिकेतले 'शून्य' ह्यांतला भेद प्रत्येक शिक्षकास ठाऊक असतो. जिला विचारलेच नाही ती स्त्री गैरहजर होय. तिला 'नाही' म्हणणाऱ्यांत धरता येत नाही. शिवाय विचारल्यावर 'नाही' म्हणणाऱ्यांतही भयाने किंवा लाजेने तसे म्हणणाऱ्या असतात. म्हणून हाती येणारा आकडा सोसणाऱ्यांचा नसून सांगणाऱ्यांचा असतो. तो किमान समजावा.

आता कर्नाटकाचा आकडा पाहा. पतीकडून हिंसा सोसल्याचे सांगणाऱ्या विवाहित स्त्रियांचे प्रमाण २०१५-१६ च्या फेरीत २०.६ टक्के होते. पुढच्या फेरीत ते ४४.४ झाले. ह्या आकड्यात मारहाण आणि लैंगिक बळजबरी दोन्ही एकत्र आहेत. तो सगळा बळजबरीचा मानणे चूक. वाढ हिंसेची की बोलण्याच्या धैर्याची, हेही एकटा आकडा सांगू शकत नाही.

आणि जोयड्याचा आकडा? तो नाहीच. हे प्रश्न निवडक घरांतच, आणि एका घरात एकाच स्त्रीला विचारले गेले. त्यावरून राज्याचा अंदाज बांधता येतो, जिल्ह्याचा नाही. मग तालुक्याचा कोठून येणार? परंतु आकडा नाही म्हणजे दुःख नाही, असा अर्थ कोणी काढू नये.

देशभरात लैंगिक हिंसा सोसल्याचे सांगणाऱ्या विवाहित स्त्रियांपैकी ८२ टक्के जणींनी विद्यमान पतीकडेच बोट दाखविले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेनेही सज्ञान पत्नीवरील पतीच्या बळजबरीला बलात्काराच्या व्याख्येतून वगळले. म्हणजे पोलिसांच्या दप्तरात जे बलात्कार म्हणून उतरत नाही, ते पाहणीच्या कागदावर मात्र उतरते. ह्या पाहणीचे मोल ह्यातच आहे. तथापि २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात लैंगिक छळाचा समावेश आहे आणि त्याखाली पत्नीला संरक्षण मागता येते, हे घरोघर कळले पाहिजे.

त्याच पाहणीत हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी ७७ टक्के जणींनी कधी मदत मागितली नव्हती, की कोणाला सांगितलेही नव्हते. पाहणीच्या बाईला त्यांनी जे सांगितले, ते कदाचित पहिल्यानेच सांगितले असेल.

म्हणून श्रोतेहो, असा आकडा वाचताना तीन गोष्टी विचाराव्या : कोणाला विचारले, कोणासमोर विचारले, आणि कोणाला विचारता आले नाही? आणि चौथी गोष्ट आपल्याच मनाला विचारावी : माझ्या घरातल्या, माझ्या शेजारच्या स्त्रीला मन मोकळे करण्याइतका एकांत मी कधी दिला आहे काय?