दिल्लीची साळुंकी

श्रोते हो, साळुंकी आपल्या अंगणात रोजच ओरडते. तिच्याकडे कान देऊन कोण बसतो? १९६३ साली दिल्लीत उतरलेल्या एका अमेरिकन संगीतकाराने मात्र ते केले. त्याचे नाव बिली स्ट्रेहॉर्न. ड्यूक एलिंग्टन या विख्यात जाझ वादकाचा हा सहकारी, नव्हे, उजवा हातच.

एलिंग्टनचा जन्म १८९९ चा, वॉशिंग्टनचा. चौसष्टाव्या वर्षी अमेरिकी सरकारच्या वतीने आपला वाद्यवृंद घेऊन तो दमास्कस, काबूल, दिल्ली, मुंबई, बगदाद असा हिंडला. नोव्हेंबरात अध्यक्ष केनेडींचा खून झाला आणि दौरा मध्येच थांबला. पुढे १९६६ च्या डिसेंबरात ‘फार ईस्ट स्वीट’ ध्वनिमुद्रित झाले. (नाव अतिपूर्वेचे, पण जपानवरची एक रचना सोडली, तर यात अतिपूर्व आहे कुठे?)

आता तुम्हाला वाटेल, यात सतार असेल, तबला असेल. त्या काळी तशी हौस पश्चिमेत सुरू झालीच होती. इथे तसले काही नाही. तेच ट्रंपेट, तेच सॅक्सोफोन, आणि आपल्याकडे लग्नाच्या बँडमध्ये वाजतो तो क्लॅरिनेट. साळुंकीची ती लकेर जिमी हॅमिल्टन क्लॅरिनेटवर काढतो. ‘आग्रा’ हॅरी कार्नीच्या खर्जातल्या सॅक्सोफोनवर येते. हा कार्नी १९२७ पासून एलिंग्टनजवळ होता.

मग यात पूर्व ती काय? गावोगाव फिरून आलेला कीर्तनकार परगावची बोली उसनी घेत नाही. पण पाहिलेले निरूपणात उतरतेच ना? एलिंग्टनने ऐकलेले तीन वर्षे मुरू दिले, आणि मग आपल्याच माणसांच्या तोंडून वदवले. मला हे अधिक प्रामाणिक वाटते.

एक गोष्ट लपवीत नाही. यातली सर्वांत सुंदर रचना ‘इस्फहान’. ती स्ट्रेहॉर्नने दौऱ्याआधीच दुसऱ्या नावाने लिहिली होती! हे कळले तेव्हा मी जरा खट्टू झालो. मग जॉनी हॉजेसचा सॅक्सोफोन पुन्हा ऐकला, आणि राग गेला.

मे १९६७ मध्ये स्ट्रेहॉर्न वारला. वय अवघे एक्कावन्न.

शिक्षकबंधूंनो, ध्वनिमुद्रिका मिळाली तर साळुंकीची रचना नाव न सांगता मुलांना ऐकवा, आणि पक्षी कोणता ते विचारा.