पाळण्यातले नाव, पाळणाघरातले नाव

श्रोतेहो, बारशाच्या दिवशी आत्या बाळाच्या कानाशी लागून ‘कुर्र’ करते, नाव सांगते, आणि बाकीच्या बायका तिच्या पाठीवर धपाटे घालतात, हा सोहळा तुम्ही सर्वांनी पाहिलेला आहे. त्या घटकेला ते नाव कुठेही लिहिलेले नसते. नाव आधी कानात पडते. कागदावर ते मागाहून येते. आज मी जी हकीकत सांगणार आहे, ती या दोन नावांमधल्या अंतराची आहे. माझी स्वतःची म्हणाल तर ती केवळ एका अक्षराची तक्रार आहे.

मी सातारा जिल्ह्यातला एक निवृत्त प्राथमिक शिक्षक. मुलगा आणि सून दोघेही दिल्लीला केंद्र सरकारच्या नोकरीत आहेत आणि रामकृष्णपुरमच्या सरकारी वसाहतीत राहतात. त्यांना अडीच वर्षांची मुलगी आहे. तिचे नाव ज्ञानदा. नातीला सोबत म्हणून मी दिल्लीस गेलो. आमच्या मंडळींचे गुडघे तिथली थंडी सोसत नाहीत, म्हणून त्या वाईलाच राहिल्या.

ज्या ठिकाणी मी उतरलो, त्या ठिकाणालाही स्वतःचे नाव धडपणे वापरायला मिळालेले नाही. पाटीवर रामकृष्णपुरम असते, पण दिल्लीत कोणीही त्याला आर. के. पुरम याखेरीज दुसऱ्या नावाने ओळखत नाही. तिथेच टेकडीवर दाक्षिणात्य मंडळींनी बांधलेले स्वामिनाथाचे सुरेख मंदिर आहे. ‘मलै’ म्हणजे तमिळमध्ये डोंगर, म्हणून ते मलै मंदिर. रिक्षावाल्याला मात्र ‘मलाई मंदिर’ असे सांगावे लागते, आणि दुधावरच्या सायीचा त्या देवाशी काय संबंध, असा प्रश्न त्याला कधी पडत नाही. पहिल्या आठवड्यात मला या सगळ्याची गंमत वाटली. दुसऱ्याच्या नावाची मोडतोड नेहमीच गमतीची वाटते.

ज्ञानदा सकाळी नऊ ते संध्याकाळी सहापर्यंत पाळणाघरात असते. तिला नेणे-आणणे हे माझे काम. तिथल्या बाया प्रेमळ आहेत. मुले त्यांना दीदी म्हणतात. नाव नोंदवताना सुनेने रोमन लिपीत मोठ्या ठसठशीत अक्षरांत लिहून दिले होते: डी, एन, वाय आणि पुढचे सगळे. परंतु डीच्या मागोमाग एन कसा येईल, हा लिहिणाऱ्याचा हातचुकीचा दोष असणार, असे तिथल्या कोणाला तरी वाटले आणि त्यांनी सद्भावनेने दुरुस्ती केली. पहिल्या महिन्याच्या पावतीवर जी-वाय आले. सुनेने चिठ्ठी पाठवली. दुसऱ्या महिन्यात जे-एन आले. तिने पुन्हा चिठ्ठी पाठवली. तेव्हा मी म्हणालो, “चिठ्ठ्यांनी हे होणार नाही. मी स्वतः जातो.”

मी गेलो. तिथल्या प्रमुख बाईंनी मला आदराने बसवले. त्या म्हणाल्या, “बाबूजी, आप ही बताइए, हिंदी में कैसे लिखेंगे?” मी हातात खडू असल्याच्या थाटात अक्षर सांगितले. त्यांनी माझ्यासमोर कागदावर वळणदार देवनागरीत ‘ज्ञानदा’ असे लिहिले. काना नाही चुकला, मात्रा नाही चुकली. मी म्हणालो, “हेच, हेच.” त्यांनी कागद माझ्याकडे फिरवला आणि मोठ्याने वाचला, “ग्यानदा.” मी म्हणालो, “ग्यानदा नव्हे, ज्ञानदा.” त्या किंचित गोंधळून म्हणाल्या, “लिखा तो वही है!”

आयुष्यभर शुद्धलेखन शिकवलेल्या माणसाचा यापेक्षा पूर्ण पराभव कोणता असेल? लिहिलेले शुद्धच होते.

वाटेत मी विचार करू लागलो. ज्ञ हे अक्षर ज आणि ञ यांच्या संयोगातून झाले. आपण त्याचा उच्चार ‘दन्य’ असा करतो, हिंदी भाषक ‘ग्य’ करतात, गुजराती ‘ग्न’ करतात. मूळचा जकार आपणही राखलेला नाही आणि त्यांनीही नाही. तेव्हा शुद्धतेचा अभिमान मिरवण्याची सोय मला राहिली नाही. रोमन लिपीत तर या अक्षराचे अधिकच हाल आहेत. दिल्लीत 1956 साली उभे राहिलेले विज्ञान भवन घ्या. त्याच्या रोमन नावात ज्ञसाठी जी-वाय आहे. 1974 साली आपल्या वि. स. खांडेकरांना ‘ययाति’साठी जो ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला, त्याच्या रोमन नावात जे-एन आहे. आळंदीच्या ज्ञानेश्वरांचे नाव आपण डी-एन-वायने लिहितो. परंतु त्यांच्याच ग्रंथाचे नाव धारण करून मुंबईहून बंगालकडे जाणारी गाडी रेल्वेच्या कागदोपत्री पुन्हा जे-एनने धावते. एका अक्षराची ही तीन सोंगे. पाळणाघरातल्या बाईंनी तीन महिन्यांत तीन प्रकार केले, तर साऱ्या देशाने जे केले त्याहून वेगळे काय केले?

गंमत अशी, की अशा अडचणींचा विचार करणारी कचेरी त्याच आर. के. पुरममध्ये आहे. केंद्रीय हिंदी निदेशालयाने 1966 साली परिवर्धित देवनागरीची योजना प्रसिद्ध केली. हिंदीत नसलेले, पण इतर भारतीय भाषांत असलेले ध्वनी देवनागरीत लिहिता यावेत, हा तिचा हेतू. आपल्या ‘ळ’ला त्या योजनेत जागा आहे. रस्त्यावर ती मिळाली असे मात्र नाही. दिल्लीत टिळकांचा तिलक मार्ग आहे आणि रेल्वेचे स्थानकही तिलक ब्रिजच आहे. पण निदान ‘ळ’साठी चिन्ह तरी आहे. ज्ञला कोणते नवे चिन्ह देणार? ते दोन्हीकडे एकच आहे. फरक अक्षरात नसून जिभेत आहे, आणि जिभेची परिवर्धित आवृत्ती अजून निघालेली नाही.

येथवर विचार करून मी स्वतःची समजूत घातली. ‘ग्यानदा’ तर ‘ग्यानदा’, असे मनाशी म्हटले. एके रात्री वाईहून आजीचा फोन आला. पलीकडून तिने हाक मारली, “ज्ञानदा, जेवलीस का गं?” नातीने फोन दोन्ही हातांत धरून तिला गंभीरपणे दुरुस्त केले, “आजी, ग्यानदा!” पलीकडे काही क्षण कोणीच बोलले नाही. मग हिने मला विचारले, “अहो, ती असं काय म्हणते?” दिवसाचे नऊ तास कानावर जे पडते, ते मूल आपले म्हणून धरते. त्यात त्या पोरीची काय चूक?

तरीही ही गोष्ट एवढ्यावरच राहिली असती, तर मी ती तुमच्यापुढे आणली नसती.

तिसऱ्या महिन्यात पाळणाघरात संगणकावरच्या यादीतून नावाच्या पट्ट्या छापल्या आणि पाण्याच्या बाटल्या ठेवण्याच्या फळीवर त्या चिकटवल्या. छापताना जी-वायमधला वाय गळाला. राहिले काय, ते हिंदी जाणणाऱ्या श्रोत्यांच्या लगेच ध्यानात येईल. दुपारी शाळा सुटल्यावर सात-आठ वर्षांची मुले तिथे येतात. त्यांना नुकतेच वाचता येऊ लागलेले असते आणि दिसेल ते वाचण्याची हौस असते. त्यांनी पट्टी वाचली, “गंदा”. एक हसला, मग सगळे हसले.

आम्हाला यातले काहीच ठाऊक नव्हते. इतकेच दिसले, की ज्ञानदा जेवायला बसण्यापूर्वी दोन-दोन वेळा हात धुऊन मागू लागली. एके संध्याकाळी तिने दोन्ही तळवे माझ्यापुढे धरले आणि विचारले, “आजोबा, मी गंदा?”

मी तडक चपला पायांत घातल्या. सुनेने मला दारातच थांबवले. ती म्हणाली, “बाबा, आत्ता तिथे कोणी नसेल. आणि उद्या जाल तेव्हा रागावून जाऊ नका. त्या दिवसभर आपल्या मुलीला खाऊ घालतात, झोपवतात. त्यांना दुखवून आपल्याला काय मिळणार? पट्टी काढून घ्या आणि जन्माचा दाखला दाखवा.” मग तिने मला कायद्याची बाजू समजावली. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा 1969 सालचा. त्यातली दुरुस्ती 1 ऑक्टोबर 2023 पासून लागू झाली. त्या तारखेनंतर जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत शाळाप्रवेशापासून मतदारयादीपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्माचा दाखलाच धरला जातो. ज्ञानदा त्यानंतरची. तेव्हा दाखल्यावर एक नाव आणि इतर कागदांवर दुसरे असे झाले, तर पुढे हेलपाटे तिलाच घालावे लागतील.

हेलपाटे हा शब्द ऐकला आणि मला रात्रभर झोप आली नाही.

मी 1971 साली शिक्षक झालो. जून महिन्यात पहिलीची नावे दाखल करायला आयाबाया पोरांना घेऊन येत. पुष्कळांना जन्मतारीख सांगता येत नसे; आम्ही 1 जून लिहून मोकळे होत असू. महाराष्ट्रात 1 जूनला ज्यांचा वाढदिवस येतो, त्यांच्यापैकी कित्येकांचे जन्मदाते या बाबतीत आम्ही शिक्षकच आहोत. ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे आणि सर्व जण तिला हसतात. पण आम्ही नावेही लिहिली. ती जशी सांगितली तशी नव्हेत, तर जशी असायला हवीत असे आम्हाला वाटले तशी. इठाबाईची विठाबाई झाली, किसनचा कृष्णा झाला, रकमाची रुक्मिणी झाली. शाळेच्या दप्तरात अशुद्ध नाव जाऊ द्यायचे नाही, हा माझा बाणा होता.

एका पोरीचे नाव येसू होते. मी हजेरीपुस्तकात यशोदा लिहिले. तिची आई म्हणाली, “गुरुजी, येसूच लिवा. माज्या सासूचं नाव हाय.” मी हसून म्हणालो, “अहो, शुद्ध यशोदाच असतं ते.” ती बिचारी गप्प बसली. संभाजीराजांची राणी येसूबाई मी त्याच शाळेत चौथीच्या वर्गाला शिकवीत होतो. तरी माझ्या ध्यानात आले नाही, की ज्या नावाने रायगडावर राज्याचा भार वाहिला, त्या नावाला माझ्या शुद्धलेखनाची काहीच गरज नव्हती.

तीसएक वर्षांनी ती येसू माझ्या दारी आली. वडील वारले होते आणि सात-बारावर वारसांची नोंद व्हायची होती. वडिलांच्या कागदांत मुलीचे नाव येसू, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर यशोदा. ती कितीदा तालुक्याला जाऊन आली होती, ते तिने सांगितले नाही. तिच्या हातात मुद्रांकाचा कागद होता. ती म्हणाली, “गुरुजी, येसू म्हंजी मीच, असं तुम्ही लिहून द्या.” मी लिहून दिले. ती माझ्या पाया पडली, मी आशीर्वाद दिला, आणि त्या वेळी मला संकोचसुद्धा वाटला नाही. तो वाटायला मला आर. के. पुरमला यावे लागले.

दुसऱ्या दिवशी मी पाळणाघरात गेलो. दाखल्याच्या तीन प्रती बरोबर नेल्या होत्या. प्रमुख बाई पट्टी पाहून पांढऱ्या पडल्या. त्यांनी ती माझ्यादेखत नखाने खरवडून काढली. मी माझ्या मोडक्या हिंदीत म्हणालो, “मीसुद्धा चाळीस वर्षांमागे याच खुर्चीवर बसत होतो,” आणि येसूची हकीकत त्यांना सांगितली. त्यांनी मला चहा पाजला. नंतर संगणकापाशी माझ्यासाठी दुसरी खुर्ची ओढली. दाखला समोर ठेवून एकेक अक्षर मी वाचले आणि त्यांनी उमटवले.

एवढ्याने कागदाचे काम झाले. पण नाव हाक मारते ती दीदी. संगणक काही हाक मारीत नाही. तिला मी ‘दन्य’ शिकवायला बसलो. ‘द’ म्हटला की तिचा ‘न’ गळे, ‘न’ धरला की ‘ग’ परत येई. शेवटी मला सुचले. मी विचारले, “धन्यवाद म्हणता येतं ना?” ती म्हणाली, “उसमें क्या है!” मी म्हटले, “मग त्यातलं ‘धन्य’ घ्या आणि ‘ध’चा ‘द’ करा.” तिने दोनदा ओठांतल्या ओठांत घोळवले आणि मग मोठ्याने म्हणाली, “दन्यानदा!” नात फळीजवळ बाटली शोधत होती. तिने वळून दीदीकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले, आणि धावत आली ती दीदीकडेच. मी मुकाट्याने काठी उचलून बाहेर पडलो.

कधी घाईत तिच्या तोंडून अजूनही ‘ग्यानदा’ येते. त्याबद्दल माझी तक्रार नाही; तिची जीभ तिच्या आईने घडवली आहे, जशी माझी माझ्या आईने. परवा या महिन्याची पावती आली. डी, एन, वाय ही तिन्ही अक्षरे जागच्या जागी होती. फक्त मधला एक ए गळला होता. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिले आणि पावती सुनेच्या हाती दिली.

ती म्हणाली, “असू द्या, बाबा. उद्या मी जाते.”