दोन वह्या



2014 साली युरोपच्या प्रवासात आम्ही म्युनिकच्या ‘जिओकॅशिंग’ मेळाव्यास गेलो होतो. कुणीतरी दडवलेली डबी उपग्रहांच्या साहाय्याने शोधावयाची आणि तिच्यातील वहीत आपले नाव लिहावयाचे, असा हा खेळ. 2000 साली तो अमेरिकेत सुरू झाला. मेळाव्यास हजारो माणसे लोटली होती. आम्हांसही एक डबी सापडली; मुलाने ऐटीत रोमन लिपीत सही ठोकली.

पुढे काशीयात्रा घडली. संकठा घाटाच्या पायऱ्या चढून बोळांतून संकठादेवीचे देऊळ शोधू लागलो, तो फोनवरील नकाशाच गोंधळला. एका फुलवाल्या आजींनी वाट दाखविली. घाटाशेजारीच शिंद्यांचा घाट, पलीकडे थोड्या अंतरावर नागपूरकर भोसल्यांचा. परक्या मुलखात घरचीच माणसे भेटावीत तसे वाटले.

दर्शन आटोपून तीर्थोपाध्यायांकडे गेलो. गाव आणि आडनाव विचारून त्यांनी जुनी वही काढली व मोडीतील एका ओळीवर बोट ठेवले. “हे आपले पणजोबा.”

ती ओळ आम्हांस वाचता येईना! आमची मान खाली गेली. उपाध्यायांनी लेखणी पुढे केली. मुलाने आमच्याकडे पाहिले आणि अडखळत, पण देवनागरीतच, नाव लिहिले.

मंडळाच्या पन्नास वर्षांच्या वह्यांत आपली नावे आहेत. ती वाचू शकणारी पिढी आपल्याच घरांत घडो, एवढीच आजच्या दिवशी प्रार्थना.